जमिनीखालचं झाड

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई या पुण्यातल्या टेकड्यांवर रोज फिरायला जाणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. 'इतकी वर्षं येतोय, पण इथली झुडपं आहेत तेवढीच! ही मोठी का होत नाहीत?' पावसाळ्यात टेकडी हिरवीगार असते. मार्च उजाडला की गवत पिवळं पडतं, कमरेएवढ्या काटेरी झुडपांच्या नुसत्या काड्या उरतात आणि जमीन उजाड दिसू लागते. मग पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'इथे चांगली झाडं का लावत नाहीत?'

हे दोन्ही प्रश्न जिव्हाळ्यातून आलेले आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. थोडक्यात सांगायचं तर यांतली बरीच झुडपं मोठी झालेली आहेत. त्यांची वाढ आपल्या नजरेला दिसत नाही, कारण ती जमिनीखाली झाली आहे. हे कसं घडतं ते या प्रकरणात पायरीपायरीने पाहू. वाटेत अमेरिकेतल्या वाळवंटी मुलखातल्या एका गुडघाभर ओकचीही ओळख करून घेऊ. झाड जमिनीखाली किती वाढू शकतं, हे त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

१. झुडूप म्हणजे काय?

वृक्षाला साधारणपणे एकच ठळक खोड असतं आणि फांद्या वर फुटतात. झुडपाला बुंध्यापासूनच अनेक खोडं फुटतात आणि त्यांतलं कुठलंही एक मुख्य नसतं. फरक असा बांधणीचा आहे, उंची हा त्याचा परिणाम. झुडपाला 'न वाढलेलं झाड' म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

पुण्याच्या टेकड्यांवर हेकळ, करवंद, बोराटी, तरवड, धायटी, मुरडशेंग, गेळ अशी झुडपं आहेत. त्यांच्यामध्ये विरळ अंतरावर सालई, मोई, खैर, हिवर, गणेर असे वृक्ष उभे असतात. पानं झडल्यावर पिवळ्याधमक फुलांनी भरणारी गणेर पाहिली नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मुद्दाम पाहावी. या वृक्ष-झुडपांच्या मधली सगळी जागा कुसळी आणि पवन्यासारख्या गवतांनी व्यापलेली असते. विरळ झाडं, झुडपं आणि अखंड गवत अशा या रचनेला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. आपण त्याला माळरान म्हणतो.

एकाच कुळातल्या दोन बहिणी जागेनुसार किती वेगळ्या वाढतात, याचं एक चांगलं उदाहरण कुंभ्याचं आहे. सह्याद्रीतला कुंभा चांगला मोठा वृक्ष होतो. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या गवताळ प्रदेशात त्याचीच एक बहीण-प्रजाती राहते. ती गवताच्या उंचीच्या वर सहसा जात नाही, पण तिचं लाकडी मूळ जमिनीत जाडजूड असतं. वारंवार आग लागणाऱ्या गवतात तिने उंची सोडली आणि मूळ राखलं.

२. टेकडीवरच्या पाण्याचा हिशेब

टेकडीवर झाडाने उंची का सोडावी, हे समजायला आधी पाण्याचा हिशेब मांडू.

पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. आता टेकडीवरची माती पाहा. वेताळ टेकडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची बनलेली आहे. तिच्या माथ्यावर आणि उतारावर काळ्या कातळावर मातीचा आणि मुरमाचा पातळ थर आहे. पडलेलं पाणी तिथे साठत नाही, उतारावरून निघून जातं.

एक सोपं गणित करू. समजा, एका ठिकाणी २० सेंटिमीटर माती आहे. मुरमाड मातीत तिच्या जाडीच्या साधारण दहावा भाग पाणी झाडाला वापरता येईल अशा रूपात राहतं असं धरू. म्हणजे २० सेंटिमीटर मातीत २ सेंटिमीटर, अर्थात २० मिलिमीटर पाणी. मोकळ्या हवेत झाडं आणि माती मिळून रोज ४ मिलिमीटर पाणी उडून जातं असं मानलं, तर हा साठा पाच दिवसांत संपेल. कोरडे दिवस तर दोनशेच्या वर आहेत.

आकडे जागेनुसार कमीजास्त होतील, निष्कर्ष बदलत नाही. वरच्या मातीतल्या पाण्यावर विसंबून राहणारं झाड या टेकडीवर दिवाळीनंतर टिकणार नाही. टिकायचं असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतील. खर्च कमी करायचा, म्हणजे पानं कमी आणि लहान ठेवायची, उन्हाळ्यात ती गाळायची. आणि मूळ कातळाच्या भेगांमध्ये खोल घालायचं, कारण पावसाळ्यात मुरलेलं पाणी तिथे जास्त काळ राहतं. दोन्ही गोष्टी केल्या की जमिनीवर दिसणारं झाड आपोआप लहान राहतं.

३. पेव भरण्याची रीत

झाड अन्न पानांत तयार करतं. ते अन्न खर्च करायच्या वाटा तीन: नवं खोड-पानं, फुलं-फळं आणि मुळं. कमाई ठरलेली असल्याने एका वाटेवर जास्त गेलं तर दुसऱ्या वाटेला कमी उरतं.

आपल्याकडे पूर्वी गावोगावी धान्य साठवायला पेवं असत. जमिनीत खोल खड्डा खणून, आतून लिंपून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड बंद करून वर माती टाकायची. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नसे. पण दुष्काळाच्या वर्षी घर तगून राही ते त्या पेवातल्या धान्यावर. माळरानावरचं झुडूप हेच करतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पानांनी कमावलेलं पिष्टमय अन्न ते मुळांत आणि बुंध्याशी असलेल्या जाड गाठीत नेऊन ठेवतं. पुढे जमिनीवरचा भाग जळाला, शेळ्यांनी खाल्ला किंवा कुऱ्हाडीने तुटला, तरी पेव भरलेलंच असतं. त्या साठ्यावर नवे कोंब फुटतात.

पेव भरून ठेवणाऱ्या या वनस्पतींचे तीन प्रकार ओळखता आले, तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पहिला प्रकार कंदांचा. टेकडीवरच्या गवतात काळी मुसळी, रानकांदा, खरपुड्या अशा कितीतरी वनस्पती वर्षातले आठ महिने फक्त कंदाच्या रूपात असतात. पहिला पाऊस पडला की त्या वर येतात.

दुसरा प्रकार लाकडी गाठींचा. बुंध्याशी, जमिनीलगत किंवा थोडं खाली, खोडाची जाड गाठ तयार होते. तिच्यावर अनेक सुप्त डोळे असतात. वरचं खोड गेलं की ते जागे होतात.

तिसरा प्रकार आडव्या पसाऱ्याचा. काही झाडं जमिनीखालून मुळं किंवा भूमिगत खोडं दूरवर पसरवतात आणि त्यांतून जागोजागी नवे धुमारे वर काढतात. हळद आणि आलं ही भूमिगत खोडाची आपल्या घरातली उदाहरणं. पळस, बोर आणि तेंदू आडव्या मुळांतून असे धुमारे काढतात. हा तिसरा प्रकार एखाद्या झाडाने टोकाला नेला तर काय होईल? त्याचं उत्तर टेक्सासमध्ये आहे.

४. वाळूतला गुडघाभर ओक

ओक म्हटलं की डोळ्यांसमोर भलामोठा वृक्ष येतो. हिमालयातला बांज हा ओकच, आणि त्याची जंगलं कुमाऊँ-गढवालात जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी पाहिलेली असतात. आपल्या सह्याद्रीत मात्र ओकची एकही मूळ प्रजाती नाही.

अमेरिकेत पश्चिम टेक्सास, पूर्व न्यू मेक्सिको आणि पश्चिम ओक्लाहोमा या कोरड्या, वाळूच्या मुलखात एक ओक वाढतो. त्याचं प्रचलित नाव शिनरी ओक आणि शास्त्रीय नाव क्वेर्कस हावार्डी. बहुतेक ठिकाणी तो गुडघ्यापासून छातीपर्यंत वाढतो. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकी सैन्यात डॉक्टर असलेले व्हॅलरी हावार्ड हे वनस्पतींचेही अभ्यासक होते. त्यांच्या नावाने न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले संशोधक पेर रीडबर्ग यांनी १९०१ साली या ओकचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. योगायोग असा, की त्याच १९०१ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीकोशाचा पहिला भाग प्रसिद्ध होऊ लागला. आपल्या टेकड्यांवरची झुडपं ओळखायला अभ्यासक आजही तो कोश उघडतात.

टेक्सासमधल्या मॉनाहान्स गावाजवळ वाळूच्या टेकड्यांचं एक उद्यान आहे. वर्षाला पाऊस साधारण ३०० ते ३५० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे उभं राहिलं तर क्षितिजापर्यंत वाळू आणि तिच्यावर कमरेएवढी झुडपं दिसतात. प्रत्यक्षात आपण एका मोठ्या ओकच्या जंगलात उभे असतो. जंगल पायाखाली आहे.

या ओकच्या अनेक ठिकाणी झालेल्या मोजणीत असं आढळलं, की त्याच्या एकूण वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग जमिनीखाली असतो. वर एक किलो काटक्या-पाला दिसत असेल, तर खाली दहा किलो किंवा त्याहून जास्त मुळं आणि भूमिगत खोडं असतात. त्यांचं जाळं मुख्यतः वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास आडवं पसरतं आणि काही मुळं कित्येक मीटर खोल उतरतात. वाळूत पाणी झटकन खाली मुरतं, म्हणून खोल मुळं लागतात. वारा वाळू उडवतो, म्हणून आडवं जाळं लागतं. खोड वाळूने गाडलं गेलं तर झाड वरून नवे कोंब काढतं. वाऱ्याने वाळू उडून मुळं उघडी पडली, तरी शेजारच्या जाळ्यावर ते जगतं.

आपल्याकडे वाळूच्या मुलखाशी असंच नातं असलेलं झुडूप म्हणजे रानबोर. संक्रांतीच्या बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावरून ओतली जाणारी आणि शाळांबाहेरच्या गाड्यांवर विकली जाणारी लहान, आंबटगोड चण्यामण्या बोरं याच गोतावळ्यातली. त्यांतली एक जात राजस्थानच्या थर वाळवंटात मुबलक आहे आणि दख्खनच्या कोरड्या माळांवरही वाढते. ती एक-दोन मीटरच्या वर सहसा जात नाही. पानाची खालची बाजू दाट लवेने पांढुरकी असते, त्यामुळे बाष्प कमी उडतं. पानाच्या देठाशी दोन काटे असतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा वळलेला. उडती वाळू तिच्या बुडाशी अडते आणि तिथे लहानसा उंचवटा तयार होतो. मारवाडचे शेतकरी पावसाळी पीक निघाल्यावर शेतातली ही झुडपं कापून, पानं झोडपून, शेळ्या-उंटांसाठी वैरण साठवतात. तिला तिकडे 'पाला'च म्हणतात. पुढच्या वर्षी झुडपं पुन्हा तयार.

५. एक झाड की हजार?

केळीची बाग करणाऱ्या शेतकऱ्याला हा भाग लगेच समजेल. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात. घड काढून मूळ झाड तोडलं तरी मुनवे वाढतात आणि तेच झाड पुढे चालू राहतं. मुनव्याचा आणि मूळ झाडाचा आनुवंशिक साचा एकच असतो. अशा एकाच साच्याच्या समूहाला क्लोन म्हणतात.

शिनरी ओकचं तसंच आहे. त्याची कित्येक झुडपं एकाच भूमिगत जाळ्यातून वर आलेली असतात. आपण शेकडो खोडं मोजली, तरी झाड एकच असू शकतं. यातून वयाचा प्रश्न अवघड होतो. वर दिसणारं एक खोड साधारण ११ ते १५ वर्षं जगतं. ते वाळतं आणि जाळ्यातून दुसरं येतं. जाळं मात्र शेकडो, कदाचित हजारो वर्षं जगतं असं अभ्यासक मानतात.

आपल्या माहितीतल्या काळाने हे मोजून पाहू. रायगडावर १६७४ साली शिवराज्याभिषेक झाला. समजा, त्याच वर्षी टेक्सासमध्ये एका बीपासून शिनरी ओकचं रोप उगवलं. एक खोड सरासरी १४ वर्षं जगतं असं धरलं, तर २०२४ पर्यंतच्या ३५० वर्षांत खोडांच्या २५ पिढ्या वर आल्या आणि गेल्या. झाड तेच राहिलं. वरचं खोड पाहून 'हे दहा वर्षांचं झुडूप' असं म्हणणाऱ्याचा अंदाज तीनशे चाळीस वर्षांनी चुकेल.

मग असं झाड बिया कशासाठी धरतं? नव्या जागी जायला आणि नवा आनुवंशिक साचा घडवायला बीच लागतं. शिनरी ओकची फळं त्याच्या उंचीच्या मानाने चांगलीच मोठी असतात. पण कोरड्या वाळूत बीपासून रोप तगणं दुर्मीळ आहे. शिवाय ओकचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे ज्वारी-बाजरीसारखं वाळवून बीजपेढीत ठेवता येत नाही. जुनं जाळं एकदा उखडलं की ते पुन्हा मिळवण्याची सोपी वाट नाही.

६. छाटलं तरी पुन्हा येणारं

भूमिगत साठ्याचा उपयोग आकड्यांत पाहू. एका मोठ्या वृक्षाचं वजन १०० किलो धरू. त्यातलं साधारण ८० किलो जमिनीवर आणि २० किलो मुळांत असतं. तो जमिनीलगत तोडला तर पाचांतले चार भाग गेले. आता १० : १ प्रमाण असलेलं झुडूप घेऊ. त्याचं एकूण वजन ११ किलो असेल, तर वर फक्त १ किलो आहे. आगीत ते सगळं जळालं, तरी गेला तो अकरावा भाग, म्हणजे नऊ टक्के. जिथे आग, चराई आणि दुष्काळ नेहमीचेच आहेत, तिथे कोण जास्त टिकेल हे सांगायला नको.

महाराष्ट्रात लाखो हातांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपं छाटतात. छाटल्यावर मुळांतून जोमदार धुमारे येतात आणि त्यांना विडीसाठी हवी तशी कोवळी, मोठी, लवचीक पानं लागतात. एप्रिल-मे महिन्यांत तीच पानं तोडून पुडके बांधले जातात. तेंदू एरवी उत्तम वृक्ष होतो, पण दरवर्षी छाटलेला तेंदू वर्षानुवर्षं कमरेएवढाच राहतो. त्याच्या जमिनीखालच्या साठ्यावर आदिवासी कुटुंबांची उन्हाळ्यातली रोख कमाई अवलंबून असते.

जगात अशा वनस्पतींची अख्खी वनं आहेत. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांतल्या लाकडी, पण गवताएवढ्याच उंचीच्या वनस्पतींचा अभ्यास करून वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हाइट यांनी १९७६ साली एक लेख लिहिला. त्यात त्यांनी या वनस्पतींना 'जमिनीखालची जंगलं' म्हटलं. वारंवार आग लागणाऱ्या गवतात झाडाने लाकूड सुरक्षित ठेवायची जागा निवडली ती जमिनीखाली.

पेवालाही मर्यादा असते, हे विसरून चालणार नाही. वरचा पाला पुन्हा पुन्हा, सावरायला वेळ न देता काढला, तर साठा भरायला संधीच मिळत नाही. माळरानाला आग आणि चराई सोसते. त्यांचा अतिरेक सोसत नाही.

७. झुडपाच्या आश्रयाने राहणारे

झुडूप स्वतःपुरतं कधीच नसतं. शिनरी ओकच्या झुडपांमध्ये वारा वाळूचे खळगे कोरतो. त्या खळग्यांत आणि काठच्या ओकच्या सावलीत वाळूच्या रंगाचा एक लहान सरडा राहतो. न्यू मेक्सिको आणि टेक्सासच्या त्या पट्ट्याबाहेर तो जगात कुठेही नाही.

वसंतात या ओकची कोवळी पालवी गुरांना विषारी ठरते, कारण तिच्यात टॅनिनं भरपूर असतात. साधारण महिनाभर गुरं त्यापासून लांब ठेवावी लागतात. म्हणून पशुपालकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या क्षेत्रावर तणनाशक टाकून ओक मारला. जिथे ओक गेला तिथे सरडेही झपाट्याने कमी झाले. पुढे तेलविहिरी आणि वाळूच्या खाणी आल्या. मे २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने हा सरडा संकटग्रस्त म्हणून जाहीर केला. सरड्याला वाचवायचं तर ओक वाचवावा लागतो आणि ओक वाचवायचा तर त्याच्या मुळांखालची वाळू.

आपल्याकडची यादीही मोठी आहे. बोरीच्या पानांवर काळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या 'कॉमन पिएरो' फुलपाखराच्या अळ्या वाढतात. खाटीक पक्षी पकडलेले टोळ आणि पाली काटेरी झुडपांच्या काट्यांना टोचून ठेवतो. तित्तर पक्षी झुडपाखालच्या गवतात घरटं करतात. वेताळ टेकडीवर मोर सहज दिसतात, त्यांनाही लपायला हीच झुडपं लागतात. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याशी निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा राहतो. त्याची वेगळी प्रजाती म्हणून शास्त्राने नोंद केली ती २०१६ साली. दाट जंगल त्याला चालत नाही. त्याला मोकळा, खडकाळ, गवताळ माळच हवा.

८. मग टेकडीवर झाडं लावायची की नाही?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्याचं उत्तर देण्याआधी टेकडी पूर्वी कशी होती, हे ठरवायला हवं. पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, माणसांनी ते तोडलं आणि मग झुडपं उरली, अशी समजूत सर्वत्र आहे. काही जागी तसं झालंही असेल. पण सगळा कोरडा दख्खन तसा नव्हता.

पुण्याच्या आयसर संस्थेतले दिग्विजय पाटील आणि संशोधक आशिष नेर्लेकर यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी एक सुंदर मार्ग वापरला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, देवदेवतांच्या कथा आणि लोकगीतं तपासली आणि त्यांत आलेल्या रानवनस्पती टिपल्या. त्या वनस्पतींपैकी बहुसंख्य माळरानाच्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. महानुभावांनी, वारकऱ्यांनी आणि धनगरांनी ज्या भूमीचं वर्णन केलं, ती विरळ झाडांची आणि गवताचीच होती.

सरकारी नोंदींत मात्र अशा जमिनीला वेगळं नाव आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला जातो. एकदा 'पडीक' म्हटलं की तिचं काही ना काही 'करायचं' असतं: रस्ता, बांधकाम, सौर प्रकल्प किंवा वृक्षारोपण. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेली ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, मूळ मध्य अमेरिकेकडची. ती भराभर वाढते आणि हिरवी दिसते, पण तिच्या दाट सावलीत माळाचं गवत आणि कंद मागे हटतात. लावण्यासाठी खणलेल्या प्रत्येक खड्ड्यागणिक जुन्या मुळांचं जाळंही तुटतं.

ते जाळं पुन्हा विणायला किती काळ लागतो? नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातल्या जुन्या गवताळ प्रदेशांच्या अभ्यासांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध केला. नांगरणी, खाणकाम किंवा वनीकरणाने मोडलेल्या गवताळ प्रदेशात मूळची वनस्पती-विविधता परतायला किमान शंभर वर्षं, आणि बहुतेक वेळा त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, असं त्यांना आढळलं. जमिनीखालचे अवयव असलेल्या वनस्पती सगळ्यांत उशिरा परततात.

झाडं लावूच नयेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शहराला सावली हवीच. रस्त्याच्या कडा, सोसायट्यांची आवारं, शाळांची मैदानं, नदीकाठ, बुजलेल्या खाणी, जिथे माती उपसून भराव टाकला आहे अशा जागा, इथे झाडं जरूर लावावीत आणि ती स्थानिक असावीत. पण जिथे माती कधी मोडलेली नाही आणि झुडपं-गवत-कंद आपापल्या जागी आहेत, ती जागा आधीच भरलेली आहे.

९. माळ ओळखायचा कसा?

कुठली जागा भरलेली आणि कुठली खरोखर उजाड, हे सामान्य माणसालाही बऱ्याच अंशी ओळखता येतं. त्यासाठी वर्षातून तीनदा तीच जागा पाहावी.

पहिली फेरी वळवाचा पाऊस झाल्यावर. गवताच्या आधी जमिनीतून थेट फुलं आणि पानं वर येताना दिसली, तर खाली कंद आहेत. कंद असणारी जमीन जुनी असते.

दुसरी फेरी गणपतीच्या सुमारास. एका हातभर जागेत किती प्रकारची पानं दिसतात ते मोजावं. एकच गवत किंवा नुसतं गाजरगवत असेल, तर जमीन मोडलेली आहे. दहा-बारा प्रकार सहज मिळाले, तर माळ जिवंत आहे.

तिसरी फेरी वणवा लागून गेल्यावर किंवा उन्हाळ्याच्या शेवटी. जळालेल्या झुडपाच्या बुंध्याशी पाऊस पडण्याआधीच लालसर कोंब दिसत असतील, तर पेव भरलेलं आहे. असं झुडूप तोडून त्या जागी नवं रोप लावणं म्हणजे शंभर वर्षांचा साठा देऊन एक वर्षाची काडी घेणं.

झाडाची उंची मोजायला सोपी असते, म्हणून आपण तिच्यावरून जमिनीची किंमत ठरवतो. पुण्यासारख्या कोरड्या मुलखात हे माप फसवं आहे. इथे जमिनीने काय धरून ठेवलं आहे ते विचारायला हवं: मुळं, कंद, भेगांतलं पाणी, त्यांच्यावर जगणारे जीव. महापालिकेच्या आराखड्यात, वनीकरणाच्या बैठकीत, कंपन्यांच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात, टेकडीवर खड्डा खणण्याआधी कोणीतरी हा प्रश्न विचारायला हवा. जो टेकडीवर रोज चालतो, त्याला तो विचारायचा पहिला अधिकार आहे आणि ती त्याची जबाबदारीही आहे.